एका पेटीत एकच

सुरुचीने पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं, वरचं झाकण अलगद काढलं आणि एक पाऊल मागे सरून ती नंदाताईंच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

नंदा रणपिसे यांनी मातीचे हात फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि वाकून आत पाहिलं. आत एक स्वयंपाकघर होतं. वीतभर ओटा, त्याच्या वर काडेपेटीएवढी खिडकी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर मेणाचे इवलेसे वाडगे आणि बरण्या. कोपऱ्यात पाट मांडलेला. खिडकीत तुळशीचं रोपसुद्धा होतं, हिरव्या स्पंजाचं.

"हा तुमचा हॉल," सुरुची म्हणाली. "दारातून आत आलेल्या माणसाला आपण म्युझियममध्ये आहोत असं वाटायलाच नको. कोणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. तुमची भांडी ओट्यावर, फळ्यांवर, खिडकीत. काच नाही, दोरी नाही. हात लावा, उचला, कानाशी वाजवून बघा. आणि इथे कोपऱ्यात स्पीकर. फोडणीचा आवाज. मोहरी तडतडते ना, तो."

"छान आहे," नंदाताई म्हणाल्या.

"खरंच आवडलं?"

"छान आहे गं."

सुरुचीने त्यांना मिठीच मारली. तिच्या कुडत्यावर ओल्या मातीचे डाग पडले, त्याचंही तिला काही वाटलं नाही. मॉडेलचं झाकण परत लावून, ते मांडीवर घेऊन ती रिक्षात बसली आणि गल्लीच्या टोकापर्यंत हात हलवत गेली.

सुरुची भिडे प्रदर्शनांची मांडणी करून देणारी डिझायनर. पस्तिशी ओलांडलेली, बिबवेवाडीत फरशीच्या एका दुकानामागे तिचं वर्कशॉप. पोटापाण्यासाठी कंपन्यांचे स्टॉल उभे करायची, पण जीव सगळा म्युझियममध्ये. तिच्या आईकडे नंदाताईंनी केलेलं दह्याचं भांडं होतं आणि त्यातलंच दही खाऊन ती मोठी झाली होती. टेकडीच्या पायथ्याशी एका ट्रस्टचं छोटं कलासंग्रहालय आहे, तिथल्या आपटे सरांच्या मागे लागून, त्यांच्या टेबलासमोर पुन्हा पुन्हा जाऊन बसून तिनेच हे प्रदर्शन पदरात पाडून घेतलं होतं. नंदाताईंनी सदुसष्टी गाठली होती आणि म्युझियमने त्यांना बोलावण्याची ही पहिलीच वेळ. उद्घाटन एप्रिलच्या शेवटी, जयंतीची गडबड उरकली की लगेच.

रिक्षा दिसेनाशी झाल्यावर बुद्धभूषण पेपरची घडी करत स्टुडिओच्या दारात आले. नंदाताईंचे यजमान निबंधक कार्यालयातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे करारनामे वाचल्यामुळे असेल, माणूस काय बोलला यापेक्षा काय बोलला नाही, हे त्यांना आधी ऐकू यायचं.

"दोनदा छान म्हणालीस," ते म्हणाले. "एकदा पुरलं असतं."

"चांगलंच केलंय तिने. जीव ओतलाय."

"ते दिसलं मला. तिचं नाही विचारत, तुझं विचारतोय."

नंदाताईंनी चाकावर मातीचा गोळा आपटला. "माझं काय? म्युझियमवाले बोलावतात, हे काय थोडं झालं?"

बुद्धभूषण पेपर काखेत धरून घरात गेले.

काय खुपतंय ते नंदाताईंना नीट ठाऊक होतं. फक्त इतक्या वर्षांनी ते उगाळायचं त्यांच्या जिवावर येत होतं.

कॉलेज संपलं त्या वर्षीची गोष्ट. खडकीच्या क्वार्टरमधून सायकलवर येणारी नंदा, आणि तिच्या वर्गातले सहा-सात जण. सगळ्यांनी मिळून डेक्कनजवळ एक हॉल घेतला आणि प्रदर्शन भरवलं. इतरांची चित्रं होती, ती भिंतींवर लागली. नंदाचे कप आणि वाडगे होते, त्यांना दाराशेजारचं टेबल मिळालं. उद्घाटनाच्या दिवशी ती घरी जाऊन साडी बदलून परत आली, तर टेबल रिकामं. चहावाल्याला कप कमी पडले होते, म्हणून कोणीतरी त्याला तेच कप उचलून दिले. पाहुणे तिच्या कपातून चहा पीत चित्रं बघत फिरत होते. एका वाडग्यात कोणी सिगारेटची राख झटकली होती. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. प्रदर्शन भरवण्यात पुढे असलेला मुलगा तर खुशीत येऊन म्हणाला, "नंदा, तुझे कप काय उपयोगी पडले गं!"

ती हसली. संध्याकाळी हॉलच्या मागच्या नळावर बसून तिने सगळे कप विसळले, पुसले आणि परत टेबलावर मांडून ठेवले. एकही फुटला नव्हता. फुटला असता तर निदान कोणी चुकचुकलं तरी असतं.

पुढे शाळेत चित्रकलेची नोकरी केली, धायरी अजून गाव होतं तेव्हा तिथे जागा घेऊन भट्टी बांधली आणि हजारो भांडी घडवली. वापरायची भांडी. लोकांनी त्यात दही लावलं, लोणचं घातलं, फुलं ठेवली, आणि ते ऐकून नंदाताईंना दरवेळी बरंच वाटलं. घरात भांडं वापरलंच पाहिजे, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. पण प्रदर्शन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र यायचं. शांत हॉल, वरून पडलेला उजेड, त्यात त्यांचं एखादं भांडं आणि त्याला कोणाचाही हात लागलेला नाही.

हे सुरुचीला कसं सांगणार? सांगितलं तर ती पोर म्हणणार, मग पहिल्याच दिवशी का नाही बोललात? आणि आपटे सर म्हणणार, घ्या, एक तर जागा दिली, वर यांच्या फर्माइशी. 

मार्चमध्ये सुरुचीने त्यांना बिबवेवाडीला बोलावलं. स्वयंपाकघराचा एक कोपरा खऱ्या मापात उभा केला होता, तो बघायला. अंदाज यावा म्हणून नंदाताईंची चार-पाच भांडी तिने आधीच नेऊन ठेवली होती.

वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशाचा वास होता. सुरुचीने दिवा लावला. ओटा अगदी हुबेहूब जमला होता, कडेचा काळा दगडसुद्धा. ओट्यावर नंदाताईंचा पसरट वाडगा होता. तो भट्टीतून निघाला तेव्हा त्या दिवसभर दुसरं काही करू शकल्या नव्हत्या. आत ग्लेझचा काचेसारखा पांढरा लेप, आणि काठाशी लोखंडी काळा रंग असा ओघळलेला की पुन्हा तसा कधी उतरला नाही. त्या वाडग्यात कांदे-बटाटे ठेवले होते. शेजारच्या उंच, निमुळत्या मानेच्या भांड्यात लाटणं आणि दोन उलथनी खोचलेली.

"यात कांदे आहेत," नंदाताई म्हणाल्या.

"खोटे आहेत हो ताई, थर्माकोलचे. मीच रंगवले. जमलेत ना?"

"जमलेत."

"उद्घाटनाच्या दिवशी खरे ठेवू."

नंदाताईंनी वाडग्याच्या काठावरून एकदा बोट फिरवलं, बाकी दुरूनच बघितलं. तिथून धायरीला येईपर्यंत रिक्षात त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर त्यांना जेवण जाईना. चाकावर बसल्या की माती मधोमध येईना. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि गोळी वाढवली. बुद्धभूषण गोळीचं पाकीट हातात देताना म्हणाले, "ही रोज घेण्यापेक्षा एकदा फोन केलास तर स्वस्तात पडेल."

"काय सांगू फोनवर? तुझे कांदे काढ म्हणून?"

"तेच सांग. सोपं वाक्य आहे."

फोन लावायचा आणि पलीकडे रिंग वाजायच्या आत बंद करायचा, असं नंदाताईंनी बऱ्याचदा केलं. एकदा फोन लागलाच. सुरुची इतक्या आनंदाने "बोला ना ताई!" म्हणाली की त्यांनी तिच्या आईची तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

शेवटी निमंत्रणपत्रिकेने निकाल लावला. छपाईला जाण्याआधी नजरेखालून घाला, म्हणून सुरुचीने ती मोबाइलवर पाठवली होती. नंदाताईंनी चष्मा लावून वाचलं. वर सुंदर अक्षरात प्रदर्शनाचं नाव होतं, 'आजीच्या ओट्यावर'.

त्यांनी मोबाइल बुद्धभूषणांपुढे धरला. "मी कोणाची आजी?"

बुद्धभूषणांनी वाचलं आणि चष्म्यावरून बायकोकडे बघितलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी कधीच मागे टाकलं होतं. पण म्हणून कोणीही उठून आजी करावं, असंही नव्हतं.

"मी बोलू का तिच्याशी?" त्यांनी विचारलं.

"नको. तुम्ही बोललात तर माझं बोलायचं राहूनच जाईल," नंदाताई म्हणाल्या आणि साडी बदलायला उठल्या.

म्युझियममध्ये त्या पोचल्या तेव्हा सुरुची टेप घेऊन हॉलची भिंत मोजत होती आणि आपटे सर कमरेवर हात ठेवून बघत होते. शरच्चंद्र आपटे या गृहस्थांना बोलण्याचा कंटाळा होता आणि ऐकण्याचा त्याहून जास्त. नंदाताईंना बघून त्यांनी नुसती मान हलवली.

"सुरुची, जरा माझ्याबरोबर चल," नंदाताई म्हणाल्या.

"कुठे ताई?"

"इथेच. शेजारी."

शेजारच्या दालनात म्युझियमच्या जुन्या वस्तू होत्या. मधल्या काचेच्या पेटीत मातीच्या एका रांजणाचा तुकडा ठेवलेला होता, कुठल्याशा उत्खननात सापडलेला. काठाचा भाग आणि त्याखाली हातभर पोट, बस्स. वरून त्याच्यावर एक मंद दिवा सोडलेला. नंदाताई दरवेळी इथे आल्या की त्या पेटीसमोर थांबायच्या. आजही थांबल्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, तो त्यांनी तसाच कापू दिला. "हा तुकडा आहे. अख्खं भांडंही नाही. कोणी केलं, त्याचं नाव कोणाला माहीत नाही. पण लोक इथे येतात, हात मागे बांधतात आणि बघत उभे राहतात. कोणी त्यात कांदे ठेवत नाही. मला हे पाहिजे."

सुरुची तुकड्याकडे बघत राहिली. "म्हणजे... काच?"

"काच, दिवा, पाटी, सगळं. मला स्वयंपाकघर नको. मला फोडणी नको. आणि मी कोणाची आजी नाही."

एकदा सुरुवात झाल्यावर मग त्यांनी डेक्कनच्या हॉलचंही सांगितलं. टेबल, चहावाला, राख, मागचा नळ. फार वेळ लागला नाही. मनात इतकी वर्षं एवढी मोठी झालेली गोष्ट सांगायला घेतली तर चार-पाच वाक्यांत संपली, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

सुरुचीने हातातली टेप गुंडाळली, आणि वळून सरळ बाहेर निघून गेली.

नंदाताई पेटीपाशी एकट्याच उभ्या राहिल्या. संपलं, त्यांना वाटलं. पोरीचं मन मोडलं. प्रदर्शनही गेलं. पण का कोण जाणे, इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं आणि श्वास थेट खालपर्यंत जात होता. प्रदर्शन गेलं तर गेलं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. सुरुची पायरीवर बसली होती. तोंडावर पाणी मारून आली असावी, केस ओले होते.

"ताई, हे तुम्ही फेब्रुवारीत का नाही सांगितलंत?"

नंदाताई गुडघ्यावर हात टेकून तिच्या शेजारी बसल्या. "तू इतकी खुशीत होतीस."

"मी? मला वाटलं तुम्ही खुशीत आहात, म्हणून मी रेटत होते!" सुरुची त्यांच्याकडे वळली. "ताई, खरं सांगू? मला रात्र रात्र झोप नाही. रोज स्वप्नात काहीतरी फुटतंय. लोक उचलणार, बघणार, कोणाच्या तरी हातून तो वाडगा निसटणार, आणि मी तुम्हाला काय तोंड दाखवणार? मागच्या आठवड्यात सगळं सोडून द्यावं असं वाटत होतं. पण तुम्ही दोनदा छान म्हणाला होतात."

नंदाताई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेनासं. सुरुचीही हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"आणि ते स्वयंपाकघर," ती म्हणाली, "ते आमच्या आजीचं होतं. पाट, तुळस, सगळं. तुमचं कसं होतं ते मी विचारलंच नाही."

"आमच्याकडे ओटाच नव्हता. स्टोव्ह जमिनीवर असायचा. तू विचारलं असतंस तर तो मांडला असतास, आणि तोही मला आवडला नसता."

तेवढ्यात आपटे सर दारात येऊन उभे राहिले. दोघी पायरीवर बसून हसताहेत, हे त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

"सर," सुरुची उठली. "स्वयंपाकघर रद्द. आपण काचेच्या पेट्या वापरू या का? वेळ कमी आहे, मला माहीत आहे, पण..."

"फोडणीचा आवाजही रद्द?"

"हो."

"उत्तम," आपटे सर म्हणाले. "परवा तुम्ही तो वाजवून बघत होतात, तेव्हा वॉचमन मला विचारून गेला, पंगत किती वाजता आहे म्हणून." जाता जाता ते वळले. "मागच्या खोलीत सागवानी पेट्या पडून आहेत. नाण्यांच्या प्रदर्शनाच्या. काचा शाबूत आहेत. बघा चालतात का." आणि गेले.

चालतात का, हा प्रश्नच नव्हता. त्या पेट्या म्हणजे देखण्या वस्तू होत्या. धूळ पुसल्यावर सागाचा रंग वर आला, आणि नंदाताई पदर खोचून स्वतः काचा पुसायला लागल्या.

मग जे दिवस गेले ते फार सुखाचे गेले. दोघी रोज म्युझियममध्ये भेटायच्या. सुरुची पेटीत भांडं ठेवायची, दिवा फिरवायची, मागे जाऊन बघायची. वरून सरळ उजेड टाकला की वाडग्याचं पोट काळोखात जायचं. बाजूने टाकला की काठाचा ओघळ जिवंत व्हायचा, पण मागे सावली पडायची. शेवटी कुठेतरी मध्ये जमायचं आणि दोघी एकदमच "आता!" म्हणायच्या. पेटीच्या तळाला पांढरा रंग सुरुचीला हवा होता. नंदाताईंनी पाटीच्या दगडासारखा करडा मागितला, आणि तो लावल्यावर सुरुची म्हणाली, "आता मी तोंड उघडत नाही."

भांडी निवडताना मात्र वाद झाले.

"एका पेटीत तीन-तीन ठेवली तर बरीच बसतील," सुरुची म्हणाली. "लोकांना तुमचं सगळं काम दिसेल."

"एका पेटीत एकच."

"ताई, मग निम्म्याहून जास्त घरी राहतील."

"राहू देत. घरी त्यांना सवय आहे."

सुरुची तोंड वाकडं करून कागदावर खुणा करत राहिली. उरला प्रश्न मधल्या पेटीचा. ती हॉलमधली सगळ्यात मोठी पेटी, दारातून समोरच दिसणारी. सुरुचीच्या मते तिथे मोठी बरणीच हवी होती, दुसरं काही शोभलंच नसतं. नंदाताईंनी पिशवीतून साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. एक कप होता. बिनकानाचा, ओंजळीत मावेल एवढा, राखेच्या ग्लेझचा. काठ एका बाजूला किंचित झिजलेला.

"हा?" सुरुचीने विचारलं. "एवढ्या मोठ्या पेटीत? ताई, हा वापरलेला आहे."

"वापरलेलाच आहे. माझ्या वडिलांचा."

सुरुची काही विचारेल म्हणून त्या थांबल्या. ती नुसतीच त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. मग नंदाताईंनीच सांगितलं.

"ते लहान असताना गावी मळ्यावर कामाला जायचे, आजोबांबरोबर. तिथे चहा मिळायचा, पण यांच्यासाठी कप वेगळा. कान तुटलेला. गोठ्याच्या भिंतीत खोचून ठेवलेला असायचा. काढायचा, प्यायचा, स्वतः धुवायचा, परत खोचायचा. पुढे खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये गेले, तर सगळ्यांना मिळतो तसाच कप यांच्याही हातात आला. त्या दिवशी म्हणे गरज नसताना दुसरा चहा घेतला. मी कॉलेजात सिरॅमिक घेतलं तेव्हा त्यांनी विचारलं, 'काय करणार तू त्याचं?' मी म्हटलं, कप करणार. सीताराम रणपिसे तसा हसणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी खूप हसले. मग हा केला त्यांच्यासाठी. शेवटपर्यंत यातूनच चहा घेत होते."

नंदाताईंनी माहेरचं आडनाव लग्नानंतरही ठेवलं होतं, ते का, हे सुरुचीला आत्ता कळलं. तिने कप हातात घेतला नाही. आधी नाक चोळत राहिली, मग म्हणाली, "हे असंच लिहू या पाटीवर. लोकांना कळू दे."

"नको. कप बघू दे त्यांना. गोष्ट वाचायला लागले तर कप बघायचा राहील."

"मग पाटीवर काय?"

"कप. कशाचा आहे ते. आणि माझं नाव."

सुरुचीने मान हलवली. कप पेटीत ठेवला, दिवा आणला, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंच काम केलं नाही. एवढ्याशा वस्तूसाठी एवढी मोठी पेटी म्हणजे सोपं काम नव्हतं. कप खाली ठेवला तर हरवायचा, उंच ठेवला तर मिरवल्यासारखा वाटायचा. ती खाली लाकडाचे ठोकळे घालायची, काढायची, नंदाताईंना समोर उभं करून त्यांच्या नजरेची उंची बघायची. ठोकळा बरोबर बसला, तेव्हा ती फक्त बाजूला झाली. नंदाताईंनी बघितलं. कपाच्या आत थोडासा उजेड साठला होता, चहा ओतावा तसा.

"झालं," नंदाताई म्हणाल्या. "आता हलवू नकोस."

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. पत्रिकेवर नाव होतं 'नंदा रणपिसे: मातीकाम', आणि त्याखाली फक्त तारीख. आपटे सर दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक पार्किंगबद्दल होतं. लोक बरेच आले. खडकीहून जुने शेजारी आले, शाळेतल्या सहकारी बाई आल्या, टेकडीवर फिरायला आलेली चार माणसं बूट घातलेल्या पायांनीच बिचकत आत शिरली.

नंदाताई सुरुवातीला दाराशी उभ्या होत्या. मग एका खांबाला टेकून त्यांनी हॉलकडे पाहिलं. लोक पेट्यांपुढून सावकाश सरकत होते. हात मागे बांधलेले, माना वाकलेल्या, आवाज आपोआप खाली आलेले. मधल्या पेटीसमोर एक जाडजूड गृहस्थ केव्हाचे उभे होते. एकदा डावीकडून बघत, एकदा उजवीकडून. नंदाताईंना त्यांना जाऊन काही सांगावंसं वाटलं नाही. ते बघत होते, तेवढं पुरे होतं.

एक आजीबाई मात्र काठी टेकत थेट त्यांच्यापाशी आल्या. "तुम्हीच का त्या? अहो, तुमची बरणी आमच्याकडे आहे. तिच्यात आम्ही लिंबाचं लोणचं घालतो. आणि इथे तुम्ही काचेत घालून ठेवलीत! उद्या मला माझीच बरणी वापरायची भीती वाटेल."

"अजिबात घाबरू नका," नंदाताई म्हणाल्या. "खुशाल घाला लोणचं. तुमची बरणी तुमच्या घरची आहे. या इथल्या आहेत."

"ते बाकी खरं," आजीबाई म्हणाल्या, आणि बरणीच्या पेटीपुढे परत जाऊन उभ्या राहिल्या, जरा ताठ मानेनेच.

सुरुची भिंतीपाशी खुर्चीत कोसळल्यासारखी बसली होती. बुद्धभूषणांनी तिच्यासाठी पाण्याची बाटली नेऊन दिली. "आपण फार चांगलं केलंत," ते तिला म्हणाले. तिने बाटली घेतली आणि विचारलं, "काका, ताई खुशीत आहेत ना? या वेळी तुम्हीच सांगा, त्यांना मी विचारणार नाही."

बुद्धभूषणांनी वळून बायकोकडे पाहिलं. नंदाताई हॉलमधून एकेका पेटीपुढे थांबत चालल्या होत्या, हात मागे बांधून, तिकीट काढून आलेल्या कुठल्याही माणसासारख्या.

"खुशीत आहे," ते म्हणाले.

दुपारी गर्दी ओसरली. दोघं बाहेर पडली ती समोरच्या हॉटेलात जाऊन बसली. नंदाताईंनी पुरीभाजी मागवली, ती संपवली, शिरा मागवला, तोही संपवला. बुद्धभूषण आपला चहा पीत बघत राहिले. महिन्याभरात त्यांनी बायकोला इतकं जेवताना पाहिलं नव्हतं.

रिक्षा सिंहगड रस्त्याला लागली तशी नेहमीप्रमाणे अडकली. नंदाताई आधी उद्या कोणकोण येणार आहे ते सांगत होत्या, मग वाक्य अर्ध्यावर थांबलं. बुद्धभूषणांनी बघितलं, तर त्यांची मान खांद्यावर कलली होती आणि तोंड थोडं उघडं पडून बारीकसं घोरणं चालू होतं. पुढची गाडी हलली. रिक्षावाल्याने जोरात गिअर टाकला.

"अहो, जरा सावकाश घ्या," बुद्धभूषण पुढे वाकून हळूच म्हणाले. "घाई नाही आम्हाला. झोपल्यात त्या."